फुकटच्या सरपणाची किंमत

हवेचे प्रदूषण म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे दिल्लीचे धुरकट आकाश, कारखान्यांची उंच धुराडी आणि रस्त्यावर खोळंबलेल्या मोटारींच्या रांगा उभ्या राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या शाळांचे वर्ग हवेच्या दोषामुळे बंद ठेवावे लागले आणि मुलांना घरी बसून फोनवर शिकवावे लागले, हे आपण सर्वांनी वाचले. ज्या घरात फोन एक आणि मुले तीन, त्या घरचे शिक्षण त्या दिवसांत कसे झाले असेल, याचाही विचार कित्येकांच्या मनात आला असेल. परंतु वर्तमानपत्र बाजूला ठेवताना, "आपल्याकडे तसे काही नाही, आपली खेड्याची हवा शुद्ध," असेच आपण म्हणालो. समोर डोंगर, मागे भाताची खाचरे आणि अंगणात वाहणारा वारा, हे सर्व खरे आहे. तथापि आपली लहान मुले दिवसाचे पुष्कळ तास अंगणात नसून स्वयंपाकघरात, आईच्या आसपास असतात. आणि तेथील हवेची चौकशी आपण फारशी कधी केलेली नाही.

या चौकशीस आपल्या देशात एका अर्थाने गुजरातच्या खेड्यांतून आरंभ झाला. १९८१ साली कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह तेथील चार खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजण्याची छोटी यंत्रे लावली. स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासात येणाऱ्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम धूलिकण आढळले. शहरांच्या ज्या हवेविषयी त्या काळी मोठी ओरड चाले, तिच्यापेक्षा हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते. हे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. तोवर प्रदूषण हा नगरवासीयांचा रोग आहे, अशी विद्वानांचीही समजूत होती.

हा धूर नेमका काय अपाय करतो, हे आमच्या माताभगिनींनी नीट समजून घ्यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सुके लाकूड जळते तेव्हासुद्धा ते पुरते जळत नाही. मग ओल्या काटक्या, शेणी, काजूची टरफले, नारळाची सोडणे यांची गोष्टच नको. अर्धवट जळालेल्या इंधनातून अतिसूक्ष्म कण निघतात. त्यांपैकी अडीच मायक्रॉनहून बारीक असलेले कण सर्वांत घातक. माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके ते असतात, म्हणून नाकातील केस किंवा घशातील ओलावा त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्याच धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गर्भवती स्त्रीच्या श्वासात तो गेला की तिच्या पोटातील बाळाचा प्राणवायू तेवढा कमी होतो. चुलीच्या धुरात वावरणाऱ्या मातांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा संभव अधिक, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे.

मोठ्यांपेक्षा मुलांस हा धूर अधिक बाधतो, त्यालाही कारणे आहेत. मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तान्हे मूल सुमारे चाळीस घेते. म्हणजे आपल्या वजनाच्या मानाने ते कितीतरी अधिक हवा आत ओढते. त्याच्या श्वासनलिका अरुंद, तेव्हा थोडीशी सूज आली तरी वाट बंद होऊ लागते. फुप्फुसातील वायुकोशांपैकी बहुतेक जन्मानंतरच, विशेषतः पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. ज्या वयात शरीर ही इमारत रचत असते, नेमक्या त्याच वयात मूल आईच्या कडेवर किंवा चुलीशेजारी पाटावर बसलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसे मृत्यू पावली आणि त्यांत २,३७,००० हून अधिक पाच वर्षांखालील मुले होती.

जी मुले वाचतात त्यांचे काय होते, हा प्रश्न मृत्यूच्या आकड्यांत येत नाही. वारंवार खोकला आणि ताप येणारे मूल शाळेत वारंवार गैरहजर राहते. पहिलीत वजाबाकी शिकवली तेव्हा ते अंथरुणावर होते, म्हणून दुसरीत भागाकार त्याला कळत नाही, आणि चौथीत मास्तर म्हणतात, "हा मुलगा मंद आहे." इस्राएल देशात काही अर्थशास्त्रज्ञांनी शालान्त परीक्षांचे निकाल त्या त्या दिवशीच्या हवेशी ताडून पाहिले. हवेत सूक्ष्म कण अधिक असलेल्या दिवशी त्याच विद्यार्थ्यांना गुण कमी पडले, आणि त्याचा परिणाम पुढे त्यांच्या उच्च शिक्षणावर व मिळकतीवरही झाला, असे त्यांना २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळले. एका दिवसाच्या वाईट हवेने एवढे होत असेल, तर रोज सकाळ-संध्याकाळ धुरात बसून धडे पाठ करणाऱ्या मुलाविषयी आपण काय म्हणावे?

धुराचा उपाय शोधण्याचे प्रयत्न आपल्या देशात फार पूर्वीपासून झाले आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्यांनी धुराड्याची मगन चूल प्रचारात आणली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० नंतरच्या दशकात कोट्यवधींच्या स्वयंपाकघरांतून धूर कसा घालवावा यावर एक पुस्तकच लिहिले, आणि मद्रासच्या ख्रिस्ती साहित्य संस्थेने ते छापले. १९८३ पासून सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला. तो २००२ मध्ये बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली घातल्या गेल्या. त्यांपैकी बहुतेक आज दिसत नाहीत. नळी फुटली ती कोणी बदलली नाही, काजळी साचली ती कोणी काढली नाही, मोठे भांडे वैलावर बसेना म्हणून बाईने भोक मोठे केले. चूल बांधून देणारे आले आणि गेले. चुलीपुढे बसणारीस कोणी काही विचारले नव्हते.

मग गॅस आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजनेस प्रारंभ झाला, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी आठ कोटीवी जोडणी महाराष्ट्रात, औरंगाबाद येथे देण्यात आली. ती जोडणी घरातील स्त्रीच्या नावे असते, ही त्या योजनेतील चांगली गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. परंतु त्याच वर्षी महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात दाखविले की डिसेंबर २०१८ अखेरपर्यंत ज्यांना जोडणी घेऊन वर्ष झाले होते, त्यांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले. ज्या कुटुंबाचा सगळा स्वयंपाक गॅसवर होतो, त्यास साधारणपणे सात-आठ तरी लागतात. म्हणजे शेगडी घरात आली आणि चूलही राहिली. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे शहरांत ८९.७ टक्के, तर खेड्यांत अवघी ४३.२ टक्के आढळली. शहर आणि खेडे यांमधील हे अंतर म्हणजे दोन बालकांच्या छातीतील अंतर होय.

हे असे का होते? आमच्या भेटीगाठींत हा प्रश्न आम्ही अनेक घरी विचारला आहे, आणि उत्तर बहुधा एकच येते: "फादर, सिलिंडरला एकरकमी पैसे लागतात, सरपण फुकट मिळते." यातील पहिले वाक्य सर्वस्वी खरे आहे. रोजंदारीवर जगणाऱ्यास रोज थोडे थोडे देणे जमते; एकदम पुष्कळ देणे जमत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये उज्ज्वलाच्या लाभार्थींचे अनुदान सिलिंडरमागे ३०० रुपये झाले. पण ते मागाहून खात्यात जमा होते, आणि आधी द्यावी लागणारी पूर्ण रक्कम घरातच जमवावी लागते. ज्याच्या खिशात ती नाही त्याला आम्ही दोष कसा द्यावा?

दुसऱ्या वाक्याविषयी मात्र आम्हास थांबून बोलावयाचे आहे. सरपण फुकट मिळते, हे खरे नाही. त्याची किंमत कोणीतरी देते. ती पैशांत नसल्यामुळे हिशेबाच्या वहीत येत नाही, इतकेच. सुगी संपली की डोंगराच्या कडेच्या वाड्यांतून शनिवारी सकाळची शाळा सुटताच मुली कोयता आणि दोरी घेऊन निघतात. मोळी बांधून परत येईतो ऊन कलते. पावसाळा तोंडावर आला की बेगमी करण्यासाठी शनिवारच नव्हे, तर आठवड्याचे इतरही दिवस जातात. त्याच काळात तिचा भाऊ मैदानात असतो किंवा शिकवणीला गेलेला असतो. परीक्षेत दोघांच्या गुणांत फरक पडला की आपण म्हणतो, मुलाचे डोके चांगले आहे. त्या मुलीने वाहिलेल्या मोळ्यांचे वजन आणि त्यांत गेलेले तास कोणी मांडून पाहील काय? त्या तासांत पाढे होते, वाचन होते, विसावा होता. फुकटच्या सरपणाचे मोल ती आपल्या इयत्तांनी चुकते करते. त्या सरपणाचा धूर पुन्हा तिच्याच छातीत जातो, कारण भाकरी भाजण्यासही तीच बसते.

येथे आम्हास आमच्या पुरुष वाचकांशी दोन शब्द स्पष्टपणे बोलले पाहिजेत. घरात पैसाच नाही, ही गोष्ट वेगळी. आणि आहे तो पैसा कशावर जावा हे चुलीपुढे न बसणाऱ्याने ठरवावे, ही गोष्ट वेगळी. कित्येक घरी मोटारसायकलीस पेट्रोल मिळते, फोनचे पैसे दर महिन्यास भरले जातात, संध्याकाळच्या पेल्याचीही सोय होते, आणि सिलिंडर मात्र पाहुणे येतील तेव्हासाठी कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. जोडणी स्त्रीच्या नावे असली तरी पैसे तिच्या हाती नाहीत. जो गृहस्थ रोज अर्धा तास चुलीपुढे बसून फुंकणी फुंकील, त्याचे मत पंधरा दिवसांत बदलेल अशी आमची खात्री आहे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गॅस आला की सर्व दुखणी पळतात, असे समजू नये. ग्वातेमाला देशाच्या डोंगराळ भागात २००२ ते २००४ या काळात पाचशेहून अधिक कुटुंबांत एक प्रयोग झाला. निम्म्या घरांस धुराड्याची चूल दिली, निम्म्या घरी उघडी चूल राहिली. धुराडे असलेल्या घरी मुलांच्या वाट्याचा धूर सुमारे निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. मात्र सर्व प्रकारचा न्यूमोनिया घटला असे ठामपणे सिद्ध झाले नाही. पुढे भारत, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा अशा चार देशांत ३,२०० गर्भवती स्त्रियांची मोठी पाहणी झाली. भारतात ती तामिळनाडूच्या खेड्यांत होती. ज्यांना गॅस व त्याचे सिलिंडर मोफत दिले त्यांच्या श्वासातील सूक्ष्म कण सुमारे ७१ मायक्रोग्रॅमवरून २४ वर आले. तरीही २०२२ ते २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा, बाळांच्या जन्मवजनात आणि गंभीर न्यूमोनियात म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मग चूल काय वाईट? परंतु नीट विचार केला तर अर्थ वेगळा निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ठरविलेली वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. २४ ही संख्या तिच्या जवळजवळ पाचपट होते. आपल्या घरी गॅस असला तरी शेजारच्या दहा चुलींचा धूर कौलांच्या फटींतून आत येतोच. शिवाय आईला गरोदरपणी पोटभर अन्न नसेल, अंगात रक्त नसेल, पाणी दूषित असेल, तर एकट्या गॅसने बाळाचे वजन कसे वाढावे? दारिद्र्य एकाच दाराने घरात येत नाही, आणि एकाच दाराशी पहारा ठेवून ते बाहेरही राहत नाही. धूर गेला पाहिजे, तो सगळ्या वाडीतून गेला पाहिजे, आणि त्याबरोबर आहार, लस व औषध यांचीही सोय झाली पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात पृथ्वीच्या दुःखांविषयी लिहिताना स्वयंपाकाच्या इंधनाच्या धुराने आजारी पडणाऱ्या गरिबांचा आरंभीच उल्लेख केला आहे. जंगले आणि समुद्र यांच्या पंक्तीला त्यांनी गरिबाची चूल बसविली, हे आपण ध्यानात ठेवावे.

तोवर घरोघरी काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. ज्यांची चूल सुटणे आज शक्य नाही, त्यांनी ती निदान पडवीत किंवा मागील दारी न्यावी; आत ठेवणे भाग असेल तर वरची काही कौले उचलून धुरास वाट द्यावी. न्हाणीचे पाणी तापविण्याची चूल, जी गॅस असलेल्या घरीही पेटते, ती झोपण्याच्या खोलीपासून दूर असावी. लाकूड पावसाआधी फोडून कोरड्या जागी रचावे. चूल पेटविण्यासाठी प्लास्टिकची पिशवी किंवा जुनी चप्पल घालण्याची सवय काही घरी पडली आहे. त्याचा धूर अत्यंत विषारी असतो, तेव्हा ती आजपासून सोडावी. पाच वर्षांखालील मुलास चुलीजवळ बसवू नये, आणि अभ्यासास बसणाऱ्या मुलांची जागा स्वयंपाकघरापासून दूर असावी.

बाळंतिणीच्या खोलीविषयी आजीबाईंस आमची विशेष विनंती आहे. खिडक्या बंद करून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे आणि न्हाऊ घातल्यावर बाळास ओवा-वावडिंगाची धुरी देणे, ही रीत मायेपोटी आली आहे, हे आम्ही जाणतो. त्यामागील ऊब बाळास हवीच आहे. ती आईच्या अंगाला लावून, दुपट्यात आणि टोपड्यात मिळते. बंद खोलीतील निखारे मात्र वर सांगितलेला तो वास नसलेला वायू सोडतात. ऊब द्यावी, धूर देऊ नये.

बाळास खोकला असेल तर अंगरखा वर करून त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर वेळ न दवडता थेट इस्पितळ गाठावे. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरील लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून सर्व देशभर आली आहे. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते.

सिलिंडरच्या एकरकमी पैशांसाठी बायकांच्या बचत गटांनी भिशीचा मार्ग धरावा. दहा घरांनी आठवड्याला थोडे थोडे घातले, तर पाळीपाळीने प्रत्येकीचा सिलिंडर भरता येतो. उज्ज्वलाच्या लाभार्थींना पाच किलोचा लहान सिलिंडर घेण्याचीही सोय ठेवलेली आहे. त्याची चौकशी वितरकाकडे करावी. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला दारूकामावर जो खर्च होतो, त्यातील काही भाग गर्भवती स्त्रिया व तान्ही मुले असलेल्या गरीब घरांच्या सिलिंडरसाठी बाजूला काढावा, अशी सूचना आम्ही धर्मग्राम समित्यांपुढे ठेवतो. फटाक्यांचा धूरही त्यामुळे तेवढाच कमी होईल.

आणि येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आपल्या घरची मुलगी कोठे जाते, हे वडिलांनी एकदा पाहावे. लाकूड आणणे भागच असेल, तर त्या दिवशी भावानेही दोरी उचलावी आणि वडिलांनी कोयता. तिच्या वाट्याचे दोन तास वाचले, तर त्या दोन तासांत तिला पुस्तक घेऊन बसू द्यावे. दुसरे काम सांगू नये.

पुढील अंकी पावसाळ्यातील विहिरीच्या पाण्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे.